पार्टिशन काढल्यावर

१२ फेब्रुवारी

वहिनी,

आधी बसून घे. बसली असशील तर खुर्चीला धरून बस, बोट हलते म्हणतात. पार्टिशन काढलं!

हो, तेच. तुझ्या लेडीज बाजूच्या नि माझ्या जेन्ट्स बाजूच्या मधलं ते प्लायवूड, ज्याला तू लग्न होऊन आल्यापासून शिव्या घातल्यास. "माझ्या वाट्याला बोळ आणि तुझ्या वाट्याला मैदान," म्हणायचीस ना? सुतार आला नि दुपारपर्यंत भुईसपाट करून गेला. आता दुकान एकदम ऐसपैस झालंय. पाच खुर्च्या एका रांगेत, समोर पाच आरसे. गल्लीकडचं तुझं छोटं दार बंद करून तिथे टॉवेलांची मांडणी ठोकली. पाटीसुद्धा बदलली. आधी 'जेन्ट्स' एकीकडे, 'लेडीज' दुसरीकडे आणि दोन बाण होते, आता नुसतं 'सलून, सर्वांसाठी'. केसाला काय ठाऊक तो बाईच्या डोक्यावर उगवलाय का बाप्याच्या?

खरं तर तू परत आल्यावर चकित करायचं ठरवलं होतं. पण माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुला माहीत आहे.

बाबा काठी टेकत येऊन बघून गेले. माझ्याकडे काठी दाखवून खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "बघितलंत? हा माझा मुलगाच आहे!" झालं, त्यांचं नेहमीचं. दादाला वस्तऱ्याखालचं रक्त बघून चक्कर आली नि मी खाली पडलेला वस्तरा उचलून त्या माणसाची अर्धी दाढी पुरी केली, तेव्हापासून हेच चाललंय. तेव्हा दादाला मिशी फुटत होती आणि मी परकरात होते. त्या दिवशी दादा स्वयंपाकघरात गेला तो गेलाच, आणि मी दुकानात आले ती आलेच. आता अख्खा रस्ता मला भाऊ म्हणतो. मला आवडतं गं, खोटं कशाला बोलू. बाईची माया आणि पुरुषाची छाती, दोन्ही एका अंगात. घाटा कसला त्यात?

भिंगरी मजेत आहे. शाळेतून आली की थेट दुकानात, टॉवेल देते, खाली पडलेले केस झाडते, गिऱ्हाइकांना "मान खाली" म्हणून दम देते. तिच्या दोन वेण्या दादा रोज घालतो, तू घालायचीस त्याहून घट्ट. आईची आठवण काढते, पण रडत नाही. आत्यावर गेलीये!

बोटीवरच्या तुझ्या सलूनात शेठाण्यांच्या केसांना नीट वळण लाव. आणि जेवत जा.

तुझी आणि आता सबंध दुकानाची,
नणंद


१० मार्च

वहिनी,

पत्र मिळालं. मला वाटलं होतं चार कौतुकाचे शब्द असतील. तू तर उभी-आडवी घेतलीस!

"तू भिंत काढली नाहीस, पुरुषांची बाजू वाढवलीस," हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चहा गार झाला. इथे नसताना इथलं कसं सांगतेस? उंटावरून शेळ्या हाकू नकोस, बोटीवरून तर नकोच नको. दुकान चांगलं चाललंय. पाचही खुर्च्या भरलेल्या असतात.

आता, कोण भरतं म्हणशील तर लोक भरतात. बायकाही येतात. येतात, दारातून आत बघतात, "नंतर येते" म्हणतात. शाळेतल्या मोठ्या बाई मात्र आल्या. त्या कुणाला भीत नाहीत. बसल्या खुर्चीत. शेजारच्या खुर्चीत औषधवाला, तोंडाला साबण, आणि आरशातून बघतोय ह्यांच्याकडे. वाईट नजरेनं नाही गं, आपलं उगाच, माणूस समोर जे असेल ते बघतो. बाई म्हणाल्या, "झटपट काय होईल ते कर, फक्त खालचं छाट." पंधरा मिनिटांत उठल्या. पूर्वी तुझ्याकडे दोन-दोन तास बसायच्या त्या, मी पलीकडून हसणं ऐकायचे.

तू लिहिलंस, "ओठावरची लव काढायला पाच बाप्यांसमोर कोण बसेल?" हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, ही गोष्ट खरी. बायकांनाही मिशा असतात हे अर्ध्या गावाला ठाऊक नाही, आणि ते तुझ्या प्लायवूडमागचं गुपित होतं. पण त्यावर तोडगा निघेल. पडदा लावू छोटासा. तू डोकं शांत ठेव.

व्हिडिओ कॉलवर भिंगरीला बघून तू विचारलंस की उन्हाळ्याच्या तोंडावर तिनं लोकरीची टोपी का घातली होती. सर्दी झाली होती. कान झाकले की बरं असतं. आणि ती तुझ्याशी नीट बोलली नाही ते नेटवर्कमुळे. तुझ्या बंदरावरचं नेटवर्क म्हणजे देवाची करणी.

जपून राहा.

नणंद


२९ मार्च

वहिनी,

तुझं पत्र सकाळी आलं, आणि सकाळपासून मी दोघांच्या दाढ्या करताना त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. औषधवाला म्हणाला, "भाऊ, तब्येत बरी आहे ना?" म्हणजे बघ.

कंपनीनं तुला किनाऱ्यावर कायमची नोकरी देऊ केली, राहायला दोन खोल्या, शाळा जवळ. तू मे महिन्यात येणार आणि पटलं तर दादाला नि भिंगरीला घेऊन जाणार. अभिनंदन. हे मी खरोखर लिहितेय, दात-ओठ खाऊन का होईना. तुझ्या हातात कला आहे, ती ह्या रस्त्यावर मावत नव्हती, हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

पण भिंगरी गं! दुपारी शाळेतून येते, दप्तर आरशाखाली फेकते आणि "आत्या, आज किती टकली आली?" म्हणून विचारते. ती गेली तर मी दुपारी कुणाशी भांडू? बाबांशी? ते तर पहिल्या वाक्याला घोरायला लागतात. मी तुला सरळ सांगते: मला ती इथे हवी आहे. स्वार्थ आहे. असू दे.

तू विचारलंस, "मी परत आले तर दुकानात कुठे उभी राहू?" वहिनी, कुठेही राहा! म्हणून तर मी भिंत पाडली. पण तू पुढे जे लिहिलंस ते मला पुरतं कळलं नाही, आणि जेवढं कळलं तेवढं झोंबलं. "कणखर ते पुरुषाचं आणि मऊ ते बाईचं, असे दोन डबे आधी भरले कुणी? दोन्हीतलं अर्धं-अर्धं काढून ताटात वाढलं म्हणजे माणूस पुरा झाला असं तुला वाटतं. पण वाढताना तू कुठला डबा वर ठेवतेस, ते बघ."

बघितलं. तुझ्या त्या वाक्यामुळेच बघितलं, नाहीतर माझं लक्षही गेलं नसतं. आपल्या घरीच बघ. तुझ्याकडे येणाऱ्या बायका आता कुणाकडे येतात, ठाऊक आहे? दादाकडे! मागच्या दारानं, स्वयंपाकघरात. तो पाणी तापवून केस धुऊन देतो, गुंता सोडवून देतो, आणि त्यांच्या कहाण्या ऐकतो. टोकंसुद्धा बरी कापतो तो, कातरीला घाबरत नाही, फक्त वस्तऱ्याला. तुझं बघून-बघून शिकला असणार. बायका खूश. पण रस्त्यावर काय म्हणतात? मी वस्तरा धरला तर "वाघ आहे." दादानं कंगवा धरला तर "बायल्या आहे." मी इकडून तिकडे गेले तर मला बढती मिळाली, आणि तो तिकडून इकडे आला तर त्याला हाकललं. गंमत म्हणजे मी पण हसायचे गं त्याला. भाऊ म्हणून हाक मारली की मला अंगावर मूठभर मांस चढतं, आणि तेच मांस त्याच्या अंगावरून उतरवलेलं असतं.

टोपीचं परत विचारलंस. म्हटलं ना, सर्दी.

नणंद


१८ एप्रिल

वहिनी,

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. सर्दी नव्हती.

भिंगरीनं केस कापले. स्वतःच, माझ्या मोठ्या कातरीनं, मागच्या आरशासमोर स्टुलावर उभी राहून. दोन्ही वेण्या मुळापासून. मी पुढे गिऱ्हाईक करत होते. वळून बघते तर ही हातात दोन वेण्या धरून उभी, आणि म्हणते, "झाले मी मुलगा. आता दे वस्तरा."

आता माझं ऐक, आणि ऐकून हे पत्र समुद्रात टाकू नकोस. मी हसले. पोट धरून हसले. दुकानातले सगळे हसले. मी तिला खुर्चीवर बसवून मशीन फिरवलं, छान पोरांचा कट केला, बाबांनी मुका घेतला नि म्हणाले, "वा! दुसरा मुलगा मिळाला!" आम्हाला सगळ्यांना ती मोठी गंमत वाटली. तू चिडशील म्हणून तेवढी टोपी घातली.

केसांचं काही नाही गं. केस म्हणजे काय, ते येतात. छोटे केस तिला शोभतातही, अगदी खरं. मला सांगायचंय ते पुढचं आहे.

मी नंतर तिला विचारलं, कापलेस कशाला? म्हणाली, "आजोबा म्हणाले, वस्तरा मुलालाच देतात. मी म्हटलं, आत्याला दिलाय की. तर म्हणाले, आत्या मुलगाच आहे." मग आठवड्याभरात तिनं स्वयंपाकघरात बसणं सोडलं. दादा तिला हाक मारतो, कणीक मळायला ये, तुला मळायला आवडतं ना, तर ही म्हणते, "तू बाई आहेस. मी नाही." दादा हसला. मग मागे वळून बराच वेळ एकच भांडं घासत राहिला.

आणि त्या दिवशी कॉलवर ती तुझ्याशी का बोलली नाही? नेटवर्क ठणठणीत होतं. फोन ठेवल्यावर मी रागावले, आईशी असं वागतात का? तर म्हणाली, "आई फक्त बायकांचे केस कापते. ते सोपं असतं."

वहिनी, हे वाक्य तिचं नाही. ते माझं आहे. माझ्याच आवाजात, माझ्याच सुरात, हात झटकण्यासकट. हे मी तिच्यासमोर किती वेळा बोलले असेन देव जाणे, चेष्टेत, गिऱ्हाइकांना हसवायला. तुझ्यासमोरही बोलले असेन, आणि तू मूग गिळून बसली असशील.

मला वाटत होतं, मी तिला मोकळी वाट करून देतेय. बघ पोरी, बाई असून काहीही करता येतं. पण तिला दिसलं वेगळंच. तिला दिसलं की आत्या बाई असणं सोडून आली, म्हणून तिला खुर्ची मिळाली. मग तिनं पण सोडलं. कातरीनं. आणि जे सोडलं त्यावर थुंकायलाही शिकली.

तू मेमध्ये येणार आणि ठरवणार. हे सगळं न सांगता तुला ठरवायला लावलं असतं, तर भिंगरी कदाचित माझ्याकडे राहिली असती. झाकली मूठ ठेवायचा मोह झाला, खूप झाला. पण ती तुझी मुलगी आहे, आणि तिला काय झालंय हे तुला ठाऊक पाहिजे. आता तुला वाटेल ते लिही. शिव्या घातल्यास तरी चालेल, पण सविस्तर घाल.

नणंद


१४ मे

वहिनी,

तुझं पत्र मिळालं. एवढंसं. "वाचलं. खूप रडले. तू लपवलं नाहीस, बरं केलंस. मी दोघांना घेऊन जाणार आहे." दादाला वाचून दाखवलं. त्यानं फक्त विचारलं, तिकडे स्वयंपाकघराला खिडकी आहे का.

बरं, ने. मी वाद घालणार नाही. घालायला शब्द होते, चांगले चार-पाच तयार केले होते आंघोळ करताना, पण ते सगळे माझ्याबद्दलचे निघाले.

इथे काय झालं ते सांगते, म्हणजे तुला कोणती भिंगरी न्यायचीय ते कळेल.

तुला पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा दाढीला बसले होते. भिंगरी टॉवेल घेऊन उभी. मी त्यांना साबण लावता-लावता म्हटलं, "बाबा, मी मुलगी आहे."

ते म्हणाले, "मग? मला ठाऊक नाही? बारशाला मीच होतो."

"मग मुलगाच आहे, मुलगाच आहे, असं का म्हणता?"

"कौतुक करतो. तुला कौतुक नको?"

"हवंय की. पण माझं हवंय. तुम्ही करता ते दुसऱ्याच कुणाचं तरी असतं, तुम्हाला हवा तसा झाला नाही त्या मुलाचं. आणि ते ऐकून दादा आयुष्यभर भिंतीला लागून चालला, आणि आता ही वेण्या कापून बसली."

बाबा उठले. तोंडाला अर्धा साबण तसाच, काठी घेतली आणि गेले बाहेर! रस्त्यानं तसेच चालत गेले. औषधवाला दुकानाबाहेर येऊन बघत राहिला. मी हाका मारल्या, काही उपयोग नाही. नंतर किती तरी दिवस माझ्या खुर्चीत बसले नाहीत. दाढी दादाकडून करून घेतली. दादानं डोळे मिटून केली असणार, कारण हनुवटीवर कागदाचे तीन तुकडे चिकटवलेले असायचे. पण केली हं त्यानं, वस्तऱ्यानं केली. चक्कर आली नाही.

मग मागच्या आठवड्यात आले, कुणाशी न बोलता माझ्या खुर्चीत बसले, मान मागे टाकली. मी वस्तरा लावला. शेजारी नवं गिऱ्हाईक होतं, ते म्हणालं, "भाऊंचा हात काय हलका आहे हो." बाबा डोळे न उघडता म्हणाले, "भाऊ कोण? मुलगी आहे ती माझी. असा हात मला पण नव्हता."

तुला सांगते, आयुष्यात पहिल्यांदा साबण लावलेल्या गळ्यावर वस्तरा धरून थांबले मी. बाबा म्हणाले, "कापशील गं, नीट बघ." आणि मग, हळू आवाजात: "माझ्याकडे दुसरा शब्दच नव्हता. आमच्या वेळी चांगलं म्हणायचं तर तेवढा एकच शब्द होता."

भिंगरी सगळं ऐकत होती. टॉवेल छातीशी धरून पुढे आली. म्हणाली, "म्हणजे आत्या मुलगी असून तिला वस्तरा दिला?"

"हात बघून दिला," बाबा म्हणाले.

"मग माझा बघा."

बाबांनी तिचा हात हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, बोटं वाकवून बघितली, नाडी बघतात तसं. म्हणाले, "हात चांगला आहे. पण लहान आहे. आणखी दहा वर्षांनी ये."

वहिनी, ती इतकी चिडली! "तोपर्यंत मी म्हातारी होईन!" म्हणून पाय आपटत स्वयंपाकघरात गेली नि दादाच्या कमरेला मिठी मारून रडली. वेण्या कापल्या तेव्हा रडली नव्हती, आत्ता रडली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. आता तिला नाही म्हटलं ते लहान आहे म्हणून. लहानपण संपतं. दादानं तिच्या हातात कणकेचा गोळा दिला आणि ती रडत-रडत मळायला लागली.

गल्लीकडचं दार मी उघडलंय, मांडणी हलवली. भिंत घालू, का पडदा, का काहीच नको, हे मी ठरवणार नाही. मोठ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आधी आम्हाला आपापसात बोलू दे. आता त्यांची मागच्या दारी सभा चालू आहे आणि मला आत यायची मनाई आहे! दादाला चालतं, मला नाही.

आणि बायकांचे केस कापणं सोपं नसतं. मोठ्या बाई शूर, म्हणून त्यांनी माझ्या हाती मान दिली. म्हणाल्या, तुझ्या वहिनीसारखे थर पाड. मी घामाघूम झाले. एक थर डावीकडे खाली, एक उजवीकडे वर, जुळवता-जुळवता बिचारीचं अर्धं डोकं हलकं झालं. त्या आरशात बघून म्हणाल्या, "वाढतील." तू आल्यावर जेवढे दिवस राहशील, तेवढे दिवस मी तुझ्या खुर्चीमागे उभी राहणार. शिकव मला. रागावून शिकव, पण शिकव.

भिंगरीच्या बॅगेत काय घालायचं ते कळव. तिचे केस कानापर्यंत आलेत. वाढवायचे की असेच ठेवायचे, तिचं ती ठरवेल म्हणते. आता रोज मत बदलते.

तुम्ही निघाल त्या दिवशी मी स्टेशनवर येईन. लहानपणापासून मला सांगितलंय की तू रडायचं नाहीस, तू खंबीर आहेस, आणि मी पण मोठ्या दिमाखात रडले नाही, आई गेली तेव्हासुद्धा. ते सगळं साठलंय गं. त्या दिवशी मी फलाटावर मोठ्यानं रडणार आहे, भिंगरीला घट्ट धरून, तिला नीट दिसेल असं. आणि कुणी जर म्हणालं ना, "बाईसारखं काय रडायचं," तर तिथल्या तिथे त्याची बिनपाण्यानं करीन.

तुझीच,
नणंद